मला कुठं लिहिलंस?

एप्रिल २०२०. सगळं जग घरात बसलेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी अमेरिकेच्या जनगणनेचा फॉर्म भरत होते आणि समोर आई मेथी निवडत होती. ती फेब्रुवारीत आमच्याकडे आली होती, एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट होतं, आणि मार्चमध्ये भारतानं विमानंच बंद केली. त्यामुळे ती इथं अडकली होती. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, मातीचा ओला वास टेबलभर. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, १ एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती? मी चार लिहिले. नवरा, मी, दोन मुलं. मग एकेकाचं नाव, वय, जन्मतारीख. मी मोठ्यानं वाचत भरत होते, आईला ऐकायला आवडतं म्हणून. धाकटीचं झालं आणि मी पुढचं पान उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "आणि मला कुठं लिहिलंस?"

"तुला नाही लिहायचं, आई. तू पाहुणी आहेस ना. ज्याचं घर दुसऱ्या देशात आहे त्याला इथं मोजत नाहीत. नियमच आहे तसा."

"बरं," असं म्हणून तिनं पुढची जुडी सोडली.

तिचं ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. ती रागावली नव्हती, रुसलीही नव्हती. पण दोन महिने आमच्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी, धाकटीची वेणी घालणारी, रात्री सगळ्यांच्या नंतर दिवा मालवणारी बाई त्या चारात नव्हती. नियम बरोबर होता. मी नियमाप्रमाणेच भरलं होतं. तरी पाठवायचं बटण दाबताना हात जड झाला.

त्याआधी वंशाचा प्रश्न आला होता. इथं आधी विचारतात, तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांकडचे, आहात का. आणि मग वंश. गोरे, काळे, अमेरिकन इंडियन, आणि पुढे चौकोनच चौकोन, चिनी, फिलिपिनो, एशियन इंडियन, व्हिएतनामी, कोरियन, जपानी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जात विचारत नाहीत होय?" नाही म्हटलं. "मग माणूस कळतं कसं?" तिच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता. कृष्णाकाठच्या आमच्या गावात आडनाव ऐकलं की गल्ली कळते, गल्ली कळली की विहीर, आणि विहीर कळली की बाकीचं विचारावं लागत नाही. शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेल्या पिढीतली मीही. तरी वंश म्हणजे काय हे तिला मराठीत सांगायला गेले तर मला ते धड जमेना. रंग म्हणावं तर एशियन हा रंग नाही. देश म्हणावं तर काळे आणि गोरे दोघंही इथलेच. "माणूस कुठून आलं, असं समज," मी म्हटलं. तिनं मान हलवली. काळी माणसं कुठून आली हे तिला ठाऊक होतं. "कुठून आली नाहीत ती, आणली," ती म्हणाली.

माझ्यासाठी तो चौकोन आयता होता. मी टिक केली आणि पुढे गेले. पण या फॉर्मवर आपल्या लोकांनी फार वाटा तुडवल्यात. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत इथं 'हिंदू' हा एक वंश होता. पंजाबातून आलेला शीख शेतकरी असो की बंगालातून आलेला मुसलमान खलाशी, सगळे हिंदूच. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा माणूस शास्त्रानुसार काहीही असो, सामान्य गोऱ्याच्या समजुतीप्रमाणे गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना ते मिळालं होतं त्यांतल्या कित्येकांचं काढून घेतलं. १९४६ मध्ये ते दार थोडं उघडलं, १९६५ च्या कायद्यानं चांगलंच उघडलं. आणि १९७० च्या जनगणनेत आपल्याला चक्क गोऱ्यांत मोजलं. सत्तरच्या दशकात इथल्या भारतीयांनी मागणी लावून धरली की आम्हाला वेगळं मोजा, तेव्हा १९८० साली 'एशियन इंडियन' हा चौकोन आला. वेगळं मोजायचं कशासाठी? तर काळ्या माणसांनी झगडून, मार खाऊन जे नागरी हक्कांचे कायदे मिळवले होते, त्यांचं संरक्षण अल्पसंख्य म्हणून आपल्यालाही मिळावं. हे मला खूप उशिरा समजलं. माझ्या एका टिकेमागे कुणाकुणाची पाठ फुटली आहे हे माहीत असतं तर ती टिक मी जरा थांबून केली असती.

टेक्सासात आम्ही राहतो तो फोर्ट बेंड काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा. ह्यूस्टनच्या नैऋत्येला, ब्राझोस नदीच्या काठचा सपाट, दमट मुलूख. १९७० साली इथं ५२,३१४ माणसं होती. २००० साली ३,५४,४५२. त्या एप्रिलच्या मोजणीत ८,२२,७७९. कापसाची नि भाताची शेतं गेली आणि तळी खोदून, गवत लावून वसाहतींवर वसाहती उठल्या. पण लोक या काउंटीचं नाव घेतात ते या आकड्यासाठी घेत नाहीत. गोरे, हिस्पॅनिक, एशियन, काळे हे चारही गट इथं जवळजवळ बरोबरीनं आहेत. गोरे तिशीच्या आसपास टक्के, काळे विशीच्या आसपास, बाकीचे दोघं मध्ये. अमेरिकेत असं ताट फार कमी ठिकाणी वाढलेलं दिसतं. शनिवारी किराणा दुकानात उभं राहिलं की हे आकडे चालत येतात. व्हिएतनामी आजी गवती चहाच्या जुड्या हुंगून बघत असते, नायजेरियन बाई सुरणासारखे दिसणारे मोठाले कंद ठोकून पारखते, मेक्सिकन पोरगा खांद्यावर मक्याच्या पिठाची गोणी घेऊन जातो, आणि मी शेंगदाण्याच्या कुटासाठी कच्चे दाणे शोधत असते. धाकटीच्या वर्गातल्या पालकसभेत निम्मी नावं शिक्षिकेला नीट उच्चारता येत नाहीत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. २०१८ साली मूळचे केरळचे के. पी. जॉर्ज इथं काउंटी जज म्हणून निवडून आले, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं पद. तेव्हा आमच्या दिवाळीतही पेढे वाटले गेले.

मराठी मंडळींच्या जेवणात हा अभिमान हमखास निघतो. "आपला काउंटी म्हणजे सगळ्यात मिक्स." पण तोच शब्द घर घेताना निघतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. "त्या शाळेच्या हद्दीत नको घेऊ, तिथं क्राउड जरा मिक्स आहे." तिथं मिक्स म्हणजे काळे आणि हिस्पॅनिक जास्त. कुणी तसं म्हणत नाही, सगळ्यांना कळतं. आम्ही घर शोधत होतो तेव्हा हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या घरांत तीन भल्या माणसांनी सांगितलं, आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली. नवऱ्यानं शाळांचे गुण काढून तक्ता केला, आम्ही वरच्या तीन शाळांच्या हद्दीतच घरं पाहिली. गावात आडनावावरून विहीर ओळखणारी माणसं आम्ही. इथं शाळेच्या गुणांवरून गल्ली ओळखायला आम्हाला वेळ लागला नाही. याची मला लाज वाटते. आम्ही त्याच घरात राहतो, मुलं त्याच शाळेत गेली, आणि शाळा चांगली आहे हेही खरं.

आमच्या गावाचं नाव शुगर लँड. साखरेची भूमी.

२००९ साली पहिल्यांदा आले तेव्हा नाव ऐकूनच मला गलबलून आलं होतं. माझा बाप सांगली-कराडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या काट्यावर कारकून होता. माझं सगळं लहानपण मळीच्या वासात गेलं. हंगाम सुरू झाला की तो आंबूस-गोड, जरासा कुजकट वास दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा बसायचा. इथं आल्यावर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, कारखाना दाखव. तो घेऊन गेला. लाल विटांची आठ मजली इमारत, फुटक्या काचांच्या खिडक्या, बाजूला पाण्याची टाकी. इंपिरियल शुगरचा हा कारखाना २००३ मध्येच बंद झाला होता. ऊस तर त्याच्याही कितीतरी आधी संपला होता, नंतर बाहेरून कच्ची साखर आणून इथं नुसती शुद्ध करत. मी गाडीची काच खाली करून श्वास ओढला. तापलेल्या डांबराचा आणि कापलेल्या गवताचा वास आला, बस. नवरा म्हणाला, एवढी काय उदास होतेस? मला वाटत होतं, ऊस होता तर तोडणारेही असणार. ते गेले कुठं? पण तेव्हा तो प्रश्न तसाच सोडून दिला. नवीन देश, नवीन घर, पोटात मोठी होती.

ऊस कोण तोडतं हे मला लहानपणीच माहीत होतं. दसरा झाला की बीडकडून, पाथर्डी-आष्टीकडून टोळ्या यायच्या. ट्रकमध्ये माणसं, शेळ्या, भांडी, कोंबड्या आणि कपड्याच्या गाठोड्यावर झोपलेली पोरं. कालव्याच्या कडेच्या मोकळ्या रानात एका दिवसात पाचटाच्या खोप्या उभ्या राहायच्या. मुकादमानं पावसाळ्यात दिलेली उचल फिटेपर्यंत ही माणसं तिथं बांधलेली. पहाटे तीनला फडात, धुक्यात नुसता सपासप आवाज. बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायची, कधी पोटुशी असताना सुद्धा. संध्याकाळी बाप घरी आला की सांगायचा, "आज अमक्याच्या टोळीला चाळीस कोयते आहेत." कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. बायको कुठंच वेगळी मोजली जायची नाही, पोरं तर नाहीतच. पैसे नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. मी शाळेत अपूर्णांक शिकत होते तेव्हा बापाला विचारलं होतं की अर्धा माणूस कसा असेल. तो म्हणाला, वहीत असतो.

आई मात्र वेगळं मोजायची. पहाटे माळवदावर जाऊन ती कालव्याकडे बघायची आणि अंधारात पेटलेल्या चुली बोटांच्या पेरांवर मोजायची. यंदा तेवीस. यंदा एकतीस. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायची, ताकाचा अंदाज घ्यायला. चुलीमागे एक लहान पोर धरून ती हंड्यातलं ताक मोकळं करायची. आमच्या आळीतल्या काही बायकांना ते आवडायचं नाही. ऊसतोड्यांची पोरं दारात येतात, म्हणायच्या. आई ऐकून घ्यायची. आणि मी ताक वाटायला जायला लाजायचे हेही इथं लिहायला हवं. माझ्या वर्गातली कुणी पाहील म्हणून मी हंडा कोपऱ्यावर ठेवून परत फिरायचे.

इथल्या ऊसतोड्यांचं उत्तर मला नऊ वर्षांनी मिळालं. २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर शाळेच्या नव्या इमारतीचं खोदकाम चालू असताना यंत्रावरच्या माणसाला मातीत हाड दिसलं. खोदत गेले तर ९५ माणसं निघाली. सगळे काळे. एक बाई, बाकी पुरुष. वयं १४ पासून ७० पर्यंत. हाडांवर कष्टाच्या खुणा होत्या, काही ठिकाणी साखळ्यांचे तुकडे. हे गुलाम नव्हते. गुलामगिरी संपल्यानंतरचे हे कैदी होते. किरकोळ चोरी, भटकणं असल्या कारणांवरून पकडायचं, शिक्षा द्यायची आणि सरकारनं तो माणूस मळेवाल्याला भाड्यानं द्यायचा. १८७८ साली कनिंगहॅम आणि एलिस या इथल्या दोन मळेवाल्यांनी टेक्सासच्या तुरुंगातले सगळेच्या सगळे कैदी भाड्यानं घेतले. दलदलीत गुडघाभर पाण्यात उभं राहून ऊस, हिवताप, चाबूक. मेला की पुरायचा आणि दुसरा मागवायचा. मालकाला गुलाम विकत घ्यावा लागे, म्हणून मेला तर नुकसान तरी होतं. भाड्याच्या माणसाचं तेही नाही. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ, पूर्वी तुरुंगात पहारेकरी होते, कितीतरी वर्षं अधिकाऱ्यांना सांगत फिरत होते की या जमिनीखाली माणसं आहेत, जपून खोदा. हाडं निघाल्यावर लोकांनी त्यांचं ऐकलं.

त्याआधी याच काउंटीत काय होतं? १८६० च्या मोजणीत इथं गोरे दोन हजारांच्या आसपास आणि गुलाम चार हजारांच्या वर. दर तिघांत दोघं गुलाम. तेव्हा गुलामांची वेगळी यादी करत. त्या यादीत मालकाचं नाव असे आणि खाली ओळीनं वय, लिंग, रंग. बाई, वय ३४, काळी. मुलगा, वय ६, मुलाटो, म्हणजे गोऱ्या-काळ्या मिश्र रक्ताचा. नाव नाही. मी त्या याद्यांच्या प्रती इंटरनेटवर पाहिल्या आहेत. वळणदार, सुंदर अक्षर आहे कारकुनाचं. माझ्या बापाचंही अक्षर फार सुंदर होतं.

आईच्या मुक्कामात हे सगळं तिला एकदम कधी सांगितलं नाही. ते शेजाऱ्यामुळे निघालं. आमच्या दोन घरं पलीकडे एक काळे आजोबा राहतात, पंच्याहत्तरीचे, शाळेतून निवृत्त झालेले. आईनं मागच्या अंगणात भेंडी लावली होती आणि मे-जूनच्या त्या उन्हात ती अशी सुटली की रोज टोपलीभर निघायची. संध्याकाळी चालायला जाताना आई पदराखाली पिशवी धरून निघायची, मास्क लावून, आणि जो भेटेल त्याला भेंडी द्यायची. बहुतेक लोक संकोचून घ्यायचे, कशी करायची विचारायचे. या आजोबांनी पिशवीत हात घातला, एक भेंडी काढली आणि अंगठ्यानं तिचं टोक मोडलं. कट्. मग दुसरीचं. आई थबकली. मंडईत भेंडी कोवळी आहे का बघायला ती आयुष्यभर हेच करत आली होती. तिनंही एक काढून टोक मोडून दाखवलं आणि दोघं मास्कच्या आत हसले, डोळ्यांवरून कळलं. ते म्हणाले, माझी आजी मक्याच्या पिठात घोळून तळायची. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, सांग त्यांना, आम्ही दाण्याचं कूट घालतो. भेंडी मुळात आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर ती इकडे आली, हे नंतर मी आईला सांगितलं. "म्हणजे त्यांचीच," ती म्हणाली, "आपण त्यांनाच नेऊन दिली."

मग रोज सहा फुटांवरून बोलणं व्हायचं. जून महिना होता. जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं त्याला थोडेच दिवस झाले होते, आणि तो ह्यूस्टनमध्येच वाढलेला, त्याला शेवटचं ह्यूस्टनलाच आणलं होतं. आईनं ते टीव्हीवर पाहिलं होतं. एकदा तिनं मला विचारायला लावलं, तुमचे लोक इथले किती वर्षांचे? आजोबा म्हणाले, आमच्या आधी इथं कोण होतं ते सांगणं सोपं आहे. काउंटीचं मुख्य ठिकाण रिचमंड. आजोबांचं मूळ घर तिकडचं. गुलामगिरी संपल्यावर काळे बहुसंख्य होते, म्हणून १८६९ साली वॉल्टर बर्टन हा गुलामीत जन्मलेला माणूस इथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, झाला, पुढे राज्याच्या सिनेटवर गेला. ते गोऱ्यांना खुपलं. १८८८-८९ मध्ये दोन तट पडले, जेबर्ड आणि वुडपेकर, दोन पाखरांची नावं. कोर्टाजवळ भर रस्त्यात गोळीबार झाला, शेरीफ मेला, आणि काळ्यांच्या बाजूचा वुडपेकर तट हरला. जेबर्डवाल्यांनी संघटना काढली, तिच्यात फक्त गोरे. ही संघटना आधी आपल्यात मतदान करून उमेदवार ठरवायची, आणि मग खरी निवडणूक म्हणजे उपचार. असं चौसष्ट वर्षं चाललं. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मोडलं. "मी आठ वर्षांचा होतो," आजोबा म्हणाले. "वडील मत द्यायला जाताना मला घेऊन गेले. माझ्या कोटाची बटणं त्यांनी तीनदा लावली." २०२० च्या नोव्हेंबरात बर्टननंतर पहिल्यांदाच काळा शेरीफ निवडून आला, एरिक फेगन. तोवर आई परत गेली होती. मी तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबांनी बटणं लावली का विचार."

जुलैत मी तिला ९५ जणांची जागा दाखवायला नेलं. २०१९ च्या नोव्हेंबरात त्यांना तिथंच, शाळेच्या आवारात, एकेकाला स्वतंत्र पुरलं होतं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. दुपारचे अकरा वाजलेले, ऊन असं की छत्रीची दांडी तापली होती. पलीकडे शाळेचं पार्किंग रिकामं. आईनं चपला काढल्या. मी म्हटलं, पाय भाजतील, तरी काढल्या. तिचा अंगठा सवयीनं पेरांवर फिरायला लागला आणि थांबला; उन्हात तिला लांबचं नीट दिसत नव्हतं.

"किती म्हणालीस?"

"पंच्याण्णव."

"आणि नावं?"

जुन्या तुरुंगाच्या नोंदींतून मेलेल्यांची नावं मिळतात, पण कुठलं नाव कुठल्या हाडांचं ते सांगता येत नाही, डीएनए जुळवून वंशज शोधायचं काम चालू आहे, असं मी सांगितलं. तिनं खाली वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली. काळी, चिकट माती, आमच्या मळीच्या रानासारखी. "ऊस येणारच," ती म्हणाली. परत येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. नंतर एवढंच म्हणाली की चौदा वर्षाचं पोर म्हणजे कोयताही धड उचलत नाही. त्याच महिन्यात रेजिनाल्ड मूर गेल्याची बातमी आली.

येता येता आम्ही संग्रहालयावरून आलो. मुलं लहान असताना तिथं डायनॉसोर बघायला किती वेळा गेलो असू. जाड भिंती, उंच खिडक्या, आत गारवा. ती इमारत म्हणजे तुरुंगाचीच, सरकारनं मळे विकत घेऊन जो तुरुंग चालवला त्याची. तुरुंग २०११ मध्ये बंद झाला आणि त्याच्या शेतजमिनीवर आता सुरेख वसाहत आहे. आमच्या ओळखीची पाच मराठी कुटुंबं तिथं राहतात. मोठीचा सहावा वाढदिवस आम्ही त्या संग्रहालयात केला होता. केक कापतानाचा फोटो दिवाणखान्यात आहे. तो मी काढून टाकला नाही. पण आता त्यात मुलीच्या मागची भिंतही दिसते.

२०२२ मध्ये जनगणना खात्यानं स्वतःचीच मोजणी तपासून पाहिली तेव्हा निघालं की देशभरात हिस्पॅनिक जवळपास पाच टक्के कमी मोजले गेले, काळे तीन टक्क्यांहून अधिक कमी, आणि गोरे व एशियन उलट जास्त मोजले गेले. एशियन तर अडीच टक्क्यांहून जास्त. मी तो आकडा दोनदा वाचला. आपल्याकडे इंटरनेट आहे, इंग्रजी आहे, दारात सरकारी माणूस आला तर धडधड होत नाही. आपलं कुणी कॉलेजात लांब असतं, त्याला आपण घरीही लिहितो आणि तिकडेही लिहिलं जातं. आमच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला आलेले सहा जण एका खोलीत राहतात असं त्यांच्यातल्या म्होरक्यानं सांगितलं होतं. त्या खोलीवर किती माणसं लिहिली गेली असतील? म्होरक्या छप्पर उतरल्यावर पैसे घेताना म्हणाला होता, आम्ही चार जण आणि दोन पोरगे, पोरग्यांचे अर्धे. मी पैसे मोजून दिले, आणि हातातली शेवटची नोट देताना बापाची वही आठवली.

आई ऑगस्टमध्ये वंदे भारत मोहिमेच्या, अडकलेल्यांना परत नेणाऱ्या विमानानं शिकागोवरून गेली. जाताना आजोबांना भेंडीचं बी कागदात बांधून देऊन गेली. तिला वाटत होतं की इथं नाही तर नाही, तिकडे २०२१ मध्ये मोजायला येतील. ते आलेच नाहीत. कोविडमुळे पुढे ढकललेली मोजणी मग वर्षानुवर्षं पुढेच जात राहिली आणि शेवटी २०२७ साल ठरलं, जातीसकट. म्हणजे १ एप्रिल २०२० ला आई आमच्या टेबलापाशी बसलेली होती आणि त्यानंतर आपल्या ओट्यावर, पण या दोन्ही देशांपैकी कुणाच्याच वहीत ती नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा 'बरं' म्हटलं, अगदी तसंच, आणि विषय बदलून विचारलं की आजोबांची भेंडी उगवली का.

गेल्या डिसेंबरात पहाटे पाचला तिचा फोन आला, म्हणजे इथं संध्याकाळ होती आणि मी भाकरी थापत होते. माळवदावर गेल्यामुळे तिला धाप लागली होती. गुडघे दुखतात, चढू नकोस म्हणून मी दर वेळी सांगते. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"आल्या का टोळ्या?" मी विचारलं.

"आल्या. थांब, मोजतेय." मग बराच वेळ नुसता तिचा श्वास. "एकोणतीस. आणि एक आत्ता पेटतीय."